तीन टेस्ट, तीन आकडे: फुकट ऑनलाइन आयक्यू टेस्टचा निकाल कसा वाचायचा

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एका आठवड्यात तीन फुकट ऑनलाइन आयक्यू टेस्ट दिल्या. पहिलीत १३८ आले, दुसरीत ११६, तिसरीत १०१. यातला खरा कोणता? तिन्हींची सरासरी काढली तर चालेल का? आणि तिसरी टेस्ट नऊ वर्षांच्या भाचीनेही दिली, तिला ८४ आले, तर घरच्यांनी काळजी करावी का?

सरासरी काढू नका, हे आधीच सांगते. का, ते पुढे येईलच. भाचीचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, पण तो शेवटी घेते, कारण त्याचं उत्तर नीट कळायला आधीचं सगळं लागेल.

मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे. गेली २२ वर्षं बुद्धिमापनाच्या चाचण्या घेते आहे. शाळेत मागे पडणारी मुलं, मेंदूला मार लागलेली माणसं, विसराळूपणा वाढलेले ज्येष्ठ, असे सगळे माझ्यासमोर बसतात. अलीकडे बरेच जण येतानाच मोबाइलमध्ये एक आकडा घेऊन येतात. कुणी त्या आकड्याने हुरळलेलं असतं, कुणी खचलेलं. दोघांनाही मी पहिला प्रश्न एकच विचारते: हा आकडा कोणाच्या तुलनेत?

कारण बुद्ध्यंक, म्हणजेच आयक्यू, हा रांगेतला नंबर. थर्मामीटरने ताप मोजतो तशी ही मोजणी नाही. तुमचा ताप किती हे शेजारच्याला किती ताप आहे यावर ठरत नाही. बुद्ध्यंक मात्र सर्वस्वी इतरांवर ठरतो. तुमच्या वयाच्या लोकांची एक मोठी रांग लावली तर तुम्ही त्यात कुठे उभे राहाल, एवढंच तो सांगतो. रांग कोणाची, किती लांब, कधी लावलेली, हे माहीत नसेल तर नुसत्या नंबराला काही अर्थ उरत नाही. फुकट टेस्टमध्ये नेमकं हेच झाकलेलं असतं.

ही रांगेची कल्पना पहिल्यापासून नव्हती. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमोन यांनी पहिली वापरण्याजोगी चाचणी तयार केली. शाळेत कोणत्या मुलांना वेगळी मदत लागेल हे ओळखायचं, एवढाच तिचा हेतू होता. पुढे त्यात ‘मानसिक वय’ आलं: हे मूल साधारण किती वर्षांच्या मुलाइतकं सोडवतं? १९१२ मध्ये विल्यम स्टर्न यांनी सुचवलं की मानसिक वयाला खऱ्या वयाने भागावं. १९१६ मध्ये अमेरिकेत लुईस टर्मन यांनी त्या भागाकाराला १०० ने गुणलं. दहा वर्षांचं मूल बारा वर्षांच्या मुलाइतकं सोडवत असेल तर बुद्ध्यंक १२०. मुलांपुरतं हे बरं चाललं, मोठ्यांवर लावताच कोसळलं. चाळिशीतल्या माणसाने साठीतल्या माणसाइतकं सोडवलं म्हणजे तो दीडपट हुशार, असं कोण म्हणेल? अमेरिकी लेखिका मेरिलिन व्हॉस सॅव्हंट यांच्या नावावरचा २२८ हा गाजलेला आकडाही याच जुन्या भागाकारातून आलेला आहे: वय दहा वर्षं, मानसिक वय २२ वर्षं १० महिने. गिनीजने सर्वोच्च बुद्ध्यंकाचा तो विक्रमप्रकारच १९९० मध्ये बंद केला.

१९३९ मध्ये डेव्हिड वेक्सलर यांनी मोठ्यांसाठी चाचणी काढली आणि भागाकार सोडून दिला. एका वयोगटातल्या लोकांच्या गुणांची सरासरी म्हणजे १००, आणि गुण सरासरीच्या दोन्ही बाजूंना किती पसरलेत याचं माप, म्हणजे प्रमाण विचलन, १५. आजच्या बहुतेक गंभीर चाचण्या याच मापावर चालतात. इथे तुमच्या मनातल्या आकड्यांना जागा मिळते. शंभरातले साधारण ६८ लोक ८५ ते ११५ मध्ये असतात. ११५ ला तुमच्या मागे ८४ जण, १३० ला ९८ जण. १४५ च्या वर हजारात एखादाच. १६० च्या वर तर तीस-एक हजारांत एखादा. म्हणजे १६० हा आकडा खात्रीने द्यायचा तर काही लाख लोकांची रांग आधी लावावी लागेल. वीस प्रश्नांनंतर ‘तुमचा बुद्ध्यंक १६२’ असं सांगणाऱ्या टेस्टच्या मागे तशी रांग नाही, हे तिथल्या तिथे ओळखता येतं. आजही एखादी टेस्ट मोठ्या माणसाला त्याचं ‘मानसिक वय’ सांगत असेल, तर तीही तिथेच सोडून द्या.

आता तुमचा १३८. त्या टेस्टने प्रमाण विचलन किती धरलंय ते सांगितलंय का? वेक्सलरच्या चाचण्यांत ते १५ असतं. टर्मन यांच्या स्टॅनफर्ड-बिने चाचणीच्या जुन्या आवृत्त्यांत १६ होतं. कॅटलच्या एका प्रसिद्ध चाचणीत ते २४ आहे. त्यामुळे एकाच माणसाची रांगेतली एकच जागा एका मापावर १३० दिसते, दुसऱ्यावर १३२ आणि तिसऱ्यावर १४८. मेन्सा या उच्च बुद्ध्यंकाच्या लोकांच्या संघटनेची ‘वरचे दोन टक्के’ ही अट म्हणूनच चाचणीगणिक वेगळ्या आकड्याने सांगतात. तुमच्या पहिल्या टेस्टचं माप २४ चं असेल तर हिशेब असा: सरासरीच्या वर ३८, त्याला २४ ने भागले की सुमारे १.५८, त्याला १५ ने गुणलं की २४ च्या आसपास. म्हणजे नेहमीच्या मापावर तुमचे १३८ हे १२४ होतात. तुम्ही काही चुकलेला नाही, पट्टी वेगळी होती. फुकट टेस्टना मोठं विचलन आवडतं, कारण त्यावर सरासरीच्या वरच्या माणसाचा आकडा फुगून दिसतो.

मग मी पर्सेंटाइल विचारते. आकडा कोणत्याही पट्टीवरचा असो, पर्सेंटाइल तोच राहतो. निकालात ‘शंभरातले इतके लोक तुमच्या मागे’ असं स्वच्छ लिहिलेलं नसेल, तर त्या आकड्याचं मी काहीही करू शकत नाही.

पण पर्सेंटाइल दिला तरी तो कोणातला? इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे. वेक्सलरची मोठ्यांसाठीची चौथी आवृत्ती २००८ मध्ये अमेरिकेत आली. तिच्यासाठी १६ ते ९० वर्षं वयाच्या २,२०० लोकांची समोरासमोर चाचणी घेतली गेली. हे लोक रस्त्यावरून गोळा केलेले नव्हते. देशाच्या जनगणनेत वय, लिंग, शिक्षण, वंश, प्रदेश यांचं जे प्रमाण होतं, त्याच प्रमाणात ते निवडले होते. १३ वयोगट पाडून प्रत्येकाचे वेगळे तक्ते केले. याला प्रमाणीकरण म्हणतात, आणि त्यातून आलेल्या तक्त्यांना मानके. आमच्या कामात प्रश्नपत्रिकेपेक्षा मानकांची किंमत जास्त. चांगले प्रश्न तर कुणी हुशार माणूस महिन्याभरात लिहील. मानकांना वर्षं लागतात, प्रशिक्षित माणसं लागतात. आणि ती ज्या देशातल्या, ज्या भाषेतल्या लोकांवर केली, त्यांच्यापुरतीच थेट लागू होतात.

फुकट टेस्टच्या मागची रांग कशी असते? पुष्कळदा नसतेच. इतके बरोबर म्हणजे इतका बुद्ध्यंक, असा तक्ता कुणीतरी बसल्या जागी केलेला असतो. जिथे रांग असते तिथे ती त्याच टेस्टवर आलेल्या लोकांची असते. असे कोण येतात? कोड्यांची आवड असलेले, स्वतःबद्दल शंका आलेले, मित्राने आव्हान दिलेले, रात्री झोप येत नाही म्हणून बसलेले. काही जण पाचव्या प्रश्नाला कंटाळून उठतात, काही जण तीच टेस्ट चौथ्यांदा देत असतात, काही जण उत्तरं शोधून भरतात. या गर्दीची सरासरी १०० धरली तर ते १०० कशाचं आहे हे कुणालाच सांगता येणार नाही. तुमच्या तीन टेस्टच्या तीन वेगळ्या गर्द्या होत्या, किंवा एकीच्याही मागे गर्दी नव्हती.

तुमच्या आकड्यांत मला एक गोष्ट विशेष दिसली. ते उतरत गेले. एरवी आठवडाभरात एकाच धर्तीच्या टेस्ट दिल्या की गुण चढतात. आकृत्यांच्या चौकटीत नववा तुकडा ओळखायचा असतो, त्यातल्या युक्त्या ठरलेल्या असतात: आकृती फिरते, एक रेघ वाढते, दोन आकृत्या एकमेकींवर ठेवल्या की समान भाग गळतो. तीन टेस्टनंतर डोळा आपोआप हेच शोधायला लागतो. याला सरावाचा परिणाम म्हणतात आणि त्यासाठीच आम्ही एकच चाचणी त्याच माणसावर सहसा वर्षभर तरी पुन्हा घेत नाही. सराव होऊनही तुमचे गुण खाली आले, याचा अर्थ आठवड्यात तुम्ही बदलला नाहीत, मोजणारी पट्टी बदलली.

आता मोजमापात होणाऱ्या चुकीच्या मर्यादेबद्दल. कुठलीही चाचणी एका बिंदूवर बोट ठेवू शकत नाही. चांगल्या चाचणीची विश्वसनीयता, म्हणजे पुन्हा मोजलं तर आकडा किती स्थिर राहतो याचं माप, ०.९७ च्या घरात असते (१ म्हणजे पूर्ण स्थिर). तिथेसुद्धा १०० गुण म्हणजे खरा आकडा साधारण ९५ ते १०५ च्या दरम्यान, असं आम्ही अहवालात लिहितो. छोट्या टेस्टची विश्वसनीयता ०.८० धरली, आणि फुकट टेस्टसाठी हा उदार अंदाज आहे, तर दोन्ही बाजूंना सुमारे १३ गुणांची मोकळी जागा सोडावी लागते. मग तुमचे ११६ म्हणजे १०३ ते १२९. तुमचे १०१ म्हणजे ८८ ते ११४. आणि पहिल्या टेस्टचं विचलन २४ असेल तर तिचे १२४ म्हणजे १११ ते १३७. तीन वेगळे वाटणारे आकडे एकाच माणसाचे असायला काहीच हरकत नाही. यावरून तुमचा बुद्ध्यंक १११ ते ११४ आहे असं मात्र मी म्हणत नाही. विश्वसनीयता मी धरून चालले, विचलन धरून चालले, मानकं तर आहेत की नाहीत तेही माहीत नाही. सरासरी काढू नका म्हटलं ते याच कारणाने. सरासरी एकाच पट्टीवरच्या मापांची काढतात.

त्यात अंदाजाने ठोकलेली उत्तरं वेगळीच. प्रत्येकी चार पर्यायांचे वीस प्रश्न असतील तर डोळे मिटून उत्तरं दिली तरी सरासरीने पाच बरोबर येतात. नशीब जरा बरं असेल तर सात. छोट्या टेस्टमध्ये दोन उत्तरांच्या फरकाने निकालात दहा-दहा गुणांची उडी पडू शकते.

टेस्ट मोजते काय, हाही प्रश्न आहे. बहुतेक फुकट टेस्ट आकृत्यांच्या चौकटींवर उभ्या आहेत. या प्रकाराला मोठा इतिहास आहे. जे. सी. रेव्हन यांनी १९३८ मध्ये अशा चौकटींची चाचणी प्रसिद्ध केली आणि शब्दांविना तर्क तपासण्यासाठी ती आजही वापरात आहे. तर्काचं ते एक चांगलं माप आहे. पण बुद्धीच्या घरातली ती एक खोली. वेक्सलरच्या मुलांसाठीच्या पाचव्या आवृत्तीत, म्हणजे २०१४ च्या, पाच भाग वेगळे मोजतात: शब्दांतून समज, जागा आणि आकाराची जाण, नव्या परिस्थितीत तर्क, कार्यकारी स्मृती (माहिती डोक्यात धरून वापरण्याची क्षमता) आणि प्रक्रियेचा वेग. एकूण आकड्यापेक्षा या पाचांतला चढउतार मला जास्त सांगतो.

अपघातानंतर माझ्याकडे आलेल्या एका हिशेबनिसाचं उदाहरण देते. एकूण बुद्ध्यंक १०४. घरच्यांना हायसं वाटलं. त्यांना मात्र कामावर पूर्वीसारखं जमत नव्हतं आणि साहेबांना वाटत होतं ते टाळाटाळ करतात. शब्दसंग्रहात ते १२० च्या वर होते, प्रक्रियेच्या वेगात ८० च्या खाली. इतकी मोठी दरी असते तेव्हा १०४ हा आकडा कुणाचंच वर्णन करत नाही, ना त्यांच्या शब्दांचं, ना त्यांच्या वेगाचं. आम्ही अहवालात एकूण आकडा बाजूला ठेवून त्या दरीबद्दल लिहिलं. त्यांना जास्त वेळ आणि एका वेळी एकच काम, अशी सोय मिळाली. एखाद्या ऑनलाइन टेस्टने त्यांना ‘सरासरी’ म्हणून घरी पाठवलं असतं.

समोरासमोरच्या चाचणीत आणखी एक गोष्ट असते, ती पडद्यावर कधी येत नाही. चाचणीतले प्रश्न उघड करणं आम्हाला मना आहे, पण ठोकळ्यांबद्दल सगळीकडे लिहिलं गेलंय म्हणून सांगते. काही बाजू लाल, काही पांढऱ्या आणि काही तिरप्या रेषेने अर्ध्या लाल अर्ध्या पांढऱ्या असे घनाकृती ठोकळे असतात. समोरच्या चित्रासारखी नक्षी त्यांतून लावायची. माझ्या हातात स्टॉपवॉच. एक अकरा वर्षांचा मुलगा चारांतले तीन ठोकळे पटापट बरोबर लावायचा, चौथा हातात घेऊन माझ्या चेहऱ्याकडे बघायचा आणि मग सगळी नक्षी मोडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. दर वेळी वेळ संपायची. तक्त्यानुसार त्या प्रश्नांना शून्य. पण माझ्या वहीत गुणांच्या शेजारी जे लिहिलं गेलं ते शून्य नव्हतं: नक्षी कळते, चुकण्याची भीती फार. पुढचं सगळं काम त्या ओळीवर झालं. मूल कुठे अडखळलं, कंटाळलं की थकलं, प्रश्न कळला नाही की उत्तर आलं नाही, हे बघायला समोर माणूस लागतो.

पैशांचा भागही सांगायला हवा, कारण त्याने लोक दुखावले जातात. ‘फुकट’ बहुतेकदा टेस्ट असते, निकाल नसतो. पंचवीस मिनिटं डोकं खपवून झालं की पडद्यावर येतं: तुमचा निकाल तयार आहे, बघण्यासाठी थोडी रक्कम भरा. इतका वेळ घातल्यावर माणूस मागे फिरत नाही, हे त्यांना ठाऊक असतं. काही ठिकाणी ती छोटी रक्कम म्हणजे दर महिन्याच्या वर्गणीची सुरुवात असते आणि ते बारीक अक्षरांत असतं. प्रमाणपत्र विकायचं असेल तर त्यावरचा आकडा चांगलाच असावा लागतो, मग तो चांगला येतो. निकालासाठी कार्डचा नंबर, फोन नंबर किंवा जन्मतारीख मागितली की तिथेच बंद करा. आणि पैसे आधीच गेले असतील तर बँकेच्या ॲपमध्ये जाऊन त्या कार्डावर नियमित वसुलीची परवानगी लागलीय का ते आजच बघा.

मानकं जुनी होतात, हेही लक्षात असू द्या. विसाव्या शतकात अनेक देशांत चाचण्यांतले गुण पिढीगणिक वाढत गेले, बुद्ध्यंकाच्या मापावर दशकाला साधारण तीन गुण. जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात हे ठळकपणे मांडलं म्हणून त्याला फ्लिन परिणाम म्हणतात. सगळ्यात जास्त वाढ आकृत्यांच्या चौकटींतच दिसली. गेल्या काही दशकांत नॉर्वे, डेन्मार्कसारख्या देशांत ही वाढ थांबून उलटी फिरल्याचंही दिसलंय. तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच की तीस वर्षांपूर्वीच्या मानकांवर आज टेस्ट दिली तर नऊ-एक गुण उगीच जास्त मिळू शकतात. म्हणूनच आम्ही अहवालात चाचणीच्या नावासोबत तिची आवृत्तीही लिहितो.

सगळ्याच फुकट टेस्ट टाकाऊ आहेत का? नाही. मेन्सा नॉर्वेची ३५ चौकटींची २५ मिनिटांची टेस्ट प्रामाणिक आहे. ती ८५ ते १४५ एवढीच मर्यादा सांगते आणि तिच्या निकालावर मेन्साचं सदस्यत्व मिळत नाही. संशोधनासाठी खुला ठेवलेला ‘आयकार’ नावाचा प्रश्नसंचही आहे. डेव्हिड काँडन आणि विल्यम रेव्हेल यांनी त्यावर २०१४ मध्ये लिहिलं. त्यात चौकटींबरोबर अक्षर-अंकांच्या मालिका, शाब्दिक तर्क आणि घन फिरवून बघण्याचे प्रश्नही आहेत. अशी टेस्ट शांत खोलीत, झोप झालेली असताना, पहिल्यांदाच दिली असेल तर आकृत्यांच्या तर्कात आपण साधारण कुठल्या पट्ट्यात आहोत याचा ढोबळ अंदाज येतो. दुसऱ्यांदा दिलेल्या टेस्टचा आकडा मी विचारातही घेत नाही.

आणि खरा, नीट मोजलेला आकडा हातात आला तरी तो किती दूर नेतो? शाळेतल्या गुणांशी बुद्ध्यंकाचा सहसंबंध, म्हणजे दोन्ही किती सोबत बदलतात याचं माप, साधारण ०.५ असतो. मानसशास्त्रात हा मोठा संबंध मानतात. तरीही याचा अर्थ असा की शाळेतल्या गुणांत जो फरक दिसतो, त्यातला चौथा हिस्सा बुद्ध्यंकाशी जुळतो. बाकीचा तीन चतुर्थांश अभ्यासाची सवय, शिकवणारी माणसं, आरोग्य, घरातलं वातावरण, जिद्द आणि अशाच अनेक गोष्टींत विखुरलेला. टर्मन यांनी १९२१ पासून असामान्य बुद्ध्यंकाच्या मुलांचा मोठा अभ्यास सुरू केला होता. त्यासाठी तपासलेल्यांपैकी दोन मुलगे पुरेसे गुण पडले नाहीत म्हणून गळाले: विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ. दोघांना पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, एकाला १९५६ मध्ये आणि दुसऱ्याला १९६८ मध्ये. चाचणी वाईट होती असं मी म्हणत नाही. रेषेच्या अलीकडे आणि पलीकडे असण्यात इतकं काही दडलेलं नसतं, एवढंच.

आता भाची.

ती टेस्ट तिच्यासाठी नव्हतीच. मुलांचे तक्ते किती बारीक असतात ते ऐका: वेक्सलरच्या मुलांच्या चाचणीत दर चार महिन्यांच्या वयाचा वेगळा तक्ता आहे. नऊ वर्षं दोन महिने आणि नऊ वर्षं आठ महिने या दोन मुलांनी अगदी सारखी उत्तरं दिली तरी बुद्ध्यंक वेगळा निघतो, आणि तसाच निघायला हवा. त्या टेस्टने तुम्हा दोघांना एकाच रांगेत उभं केलं. नऊ वर्षांचं मूल प्रौढांच्या रांगेत ८४ वर उभं राहिलं याचा काही अर्थ काढायचाच तर तो काळजीचा नाही.

समजा, हा आकडा तिच्याच वयाच्या मुलांतला खरा ८४ असता. तरीही शंभरातल्या चौदा-पंधरा मुलांचा बुद्ध्यंक तेवढा किंवा त्याहून कमी असतो. त्याला आम्ही ‘सरासरीपेक्षा थोडं कमी’ एवढंच म्हणतो. बौद्धिक अक्षमतेचं निदान साधारण ७० च्या आसपास विचारात येतं, आणि २०१३ च्या डीएसएम-५ या निदानाच्या अमेरिकी नियमावलीनुसार नुसत्या आकड्यावर ते करताच येत नाही. मूल स्वतःचं आवरतं का, सांगितलेलं काम लक्षात ठेवतं का, समवयस्कांत वावरतं का, हे रोजच्या जगण्यातलं सगळं त्यासोबत पाहावं लागतं.

म्हणून सध्या एवढंच करा. तिला ती टेस्ट पुन्हा द्यायला लावू नका, आणि तिच्यासमोर त्या आकड्याची चर्चा थांबवा. नऊ वर्षांच्या मुलांना आकडे फार पक्के लक्षात राहतात. ‘मला चौऱ्याऐंशीच आहेत’ असं म्हणून गणिताची वही मिटणारी मुलं मी पाहिली आहेत. भाचीने विषय काढलाच तर सांगा की ती मोठ्यांची टेस्ट होती आणि आमच्याकडून द्यायला लावायची चूक झाली. हे वाक्य मोठ्या माणसाने मुलासमोर म्हणणं खूप उपयोगाचं असतं.

खरी चाचणी कधी करावी? मेहनत घेऊनही वाचन किंवा गणित सतत मागे राहत असेल, एका विषयात लखलखीत आणि दुसऱ्यात पार अडकलेली असेल, वर्गशिक्षिका एकाहून जास्त वेळा काही सांगत असतील, फिट्स येत असतील किंवा डोक्याला मार लागला असेल, तर जरूर करा. नुसत्या कुतूहलापोटी नऊ वर्षांच्या मुलीला दीड तास बसवू नका. चाचणी झालीच तर अहवालात चाचणीचं नाव आणि आवृत्ती, प्रत्येक भागाचे वेगळे गुण, मोजमापातल्या चुकीची मर्यादा आणि मूल कसं बसलं-वागलं याची निरीक्षणं लिहिलेली हवीत. एका ओळीत एकच आकडा लिहून दिला तर तो परत करा आणि उरलेलं मागून घ्या.

त्याआधी डोळे आणि कान तपासा. हे मी प्रत्येकाला सांगते, कारण एका मुलीच्या बाबतीत थोडक्यात वाचलो. आठ वर्षांची होती, ‘मंद आहे’ अशा शेऱ्यासह आलेली. चित्रांच्या भागात ती कार्ड टेबलावरून उचलून नाकाजवळ नेत होती. पहिल्या दोनदा मला तो चाळा वाटला. तिसऱ्यांदा मी चाचणी थांबवली, स्टॉपवॉच बंद केलं आणि खिडकीबाहेरच्या झाडावर काय दिसतं ते विचारलं. ती म्हणाली, “हिरवं.” पान, फांदी, पक्षी काही नाही, नुसतं हिरवं. आईला तिथूनच नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं. चष्मा लागला, आणि शाळेने चार महिन्यांनी स्वतःहून कळवलं की आता चाचणीची गरज वाटत नाही.

भाचीला न्यायचं ठरलं तर सकाळची वेळ घ्या. आदल्या दिवशी ‘परीक्षा आहे’ म्हणू नका. एका ताईंबरोबर कोडी, चित्रं आणि गप्पा असतील, काही जमतील, काही मुद्दाम अवघड ठेवलेली असतात ती जमणार नाहीत, असं सांगा. मागच्या दोन वर्षांच्या वह्या सोबत आणा, प्रगतिपुस्तकापेक्षा त्यांतून जास्त कळतं. आणि तिला चष्मा असेल तर तो घालूनच या.